फिरता नारळ

आमच्या सोसायटीत गणपतीपुढच्या नारळाचा लिलाव होतो. त्यात एक खुळी रीत आहे आणि ती मला फार आवडते. ज्याला नारळ मिळतो तो पैसे देतो, नारळ परत पाटावर ठेवतो आणि ओरडतो, "लावा पुन्हा बोली!"

यंदाचे पैसे सानेकाकांच्या ऑपरेशनसाठी होते. त्यामुळे एरवी पार्किंगवरून भांडणारी माणसंसुद्धा चढाओढीनं बोली लावत होती. तोच एक नारळ, पण किती हातांतून फिरला! मीही टाळ्या वाजवत होते. सहज वर पाहिलं, तर दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत काका गज धरून उभे होते. एवढा गलका त्यांच्यासाठी चालला होता आणि वर कुणाचंच लक्ष नव्हतं.

शेवटी नारळ काकांनाच द्यायचं ठरलं. त्यांच्या समोरच्या घरात मी राहते, म्हणून तो माझ्या हाती आला.

काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला. "लोक फार चांगले आहेत हो," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण एकट्याला अख्खा नारळ काय करायचाय? फोडा, अर्धा तुम्ही न्या."

मी फोडला. पाणी दोन पेल्यांत ओतलं. आम्ही ते सावकाश प्यायलो. खाली ढोल सुरू झाला होता.

माझी वाटी घेऊन मी घरी आले. खोवायला विळी काढली आणि लक्षात आलं, ही एक वाटीसुद्धा मला जास्तच होणार होती.