हवा हवी, वारा नको

माझे दाजी, म्हणजे ताईचा नवरा, माणूस म्हणून वाईट नाहीत. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायची इच्छा राहील की नाही याची मला खात्री नाही. कोपऱ्यावर त्यांची लॉन्ड्री आहे. जन्मभर कपडे वाळवून आणि इस्त्री करून त्यांच्या बोटांच्या उलट्या बाजूला एक वेगळीच समज आली आहे. कुणी भेटायला आलं की नमस्कार राहतो बाजूला, दाजी आधी त्याच्या शर्टाचं टोक चाचपतात आणि म्हणतात, "अजून दमट आहे. घाईत घातलात." समोर बँकेचा मॅनेजर असला तरी त्यांना काही वाटत नाही. गल्लीत त्यांना 'हवामान खातं' म्हणतात, आणि हे नाव कौतुकाने ठेवलेलं आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

ही समज त्यांनी घरासाठी वापरली असती तर माझ्या डोक्याला ताप झाला नसता. ती सगळी गेली गच्चीवर, ढाबळीला. ढाबळ म्हणजे शर्यतीच्या कबुतरांचं घर. तिला खुराडं म्हटलेलं दाजींना खपत नाही. विटांच्या पायांवर हातभर उचललेली, खालून हवा खेळावी म्हणून. सकाळचं ऊन थेट आत येईल अशा तोंडाची. समोर खालच्या अंगाला फटी, तिथून हवा आत येते. वर छपराच्या टोकाशी झरोके, तिथून ती बाहेर जाते. जमीन सकाळ-संध्याकाळ कोरडी खरवडायची, तिच्यावर पाणी टाकायची कुणाची टाप नाही. दाजींच्या मते कबुतर थंडीने मरत नाही, उन्हाने मरत नाही, ओलीने मरतं. "पण हवा म्हणजे वारा नव्हे," ते बोट नाचवत सांगतात. "हवा हवी, वारा नको." हे तत्त्व ते कुठेही लावतात. शेजारच्या मुलीला बघायला आलेल्या मुलाबद्दल कुणी मत विचारलं, तर म्हणाले, "पोरगा बरा आहे, पण वारा फार आहे."

ढाबळीची तपासणी बघण्यासारखी असते. दाजी एक सुतळी पेटवून विझवतात आणि आत मांडी घालून बसतात. धूर सरळ वर जाऊन झरोक्यातून निघाला तर ठीक. वाटेत जरा वळला तरी त्या दिवशी लॉन्ड्री उघडत नाही. शिवाय रात्री आत बशीत एक बिस्कीट ठेवायचं आणि सकाळी ते कानाशी नेऊन मोडायचं. कट्‌ असा आवाज आला तर ढाबळ कोरडी. आवाज आला नाही तर दाजींचा चेहरा असा पडतो की लोक विचारतात, घरात सगळे बरे आहेत ना?

घरात सगळे बरे नव्हते, पण ते दाजींना कोण सांगणार? पहिल्यांदा बेडरूमची खिडकी वर गेली. लाकडी पट्ट्यांची, ताईने हौसेने करून घेतलेली. पट्ट्या हव्या तशा तिरक्या करता येत, म्हणजे हवा आत यायची आणि वारा अडायचा. "अशी खिडकी माणसांवर वाया चालली होती," दाजी म्हणाले आणि बेडरूमच्या भोकाला त्यांनी प्लायवूड ठोकलं. मग स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा गेला. बेडरूमच्या छतासाठी आणलेला, ओल अडवणारा रंग ढाबळीच्या छपराला बसला, आणि उरला तोही तिथेच दुसऱ्या हाताला कामी आला. शेवटी पलंगाच्या फळ्या गेल्या, कारण पक्ष्यांना टेकायला रुंद फळी लागते. ताईची गादी जमिनीवर आली. भिंतींना पोपडे धरले, कपाटातल्या चपलांना बुरशी आली आणि मीठ बरणीतून सुरीने काढावं लागायला लागलं.

ताई रोज सांगायची. दाजी रोज "हो हो" म्हणायचे आणि जिना चढायचे.

मग ताईचे गुडघे सुजले. दाजी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले, एवढं मी त्यांच्या बाजूने म्हणेन. डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, पण मुख्य म्हणजे कोरड्या, हवेशीर खोलीत झोपत जा. अंगावर थेट वारा घेऊ नका." दाजी खुर्चीवरून उठले आणि त्यांनी डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरला.

"इतकी वर्षं मी हेच ओरडून सांगतोय, डॉक्टर! माझा एकेक पक्षी असाच झोपतो."

घरी येताना ते इतके खूश होते की ताईला जिना चढायला हात द्यायचा राहून गेला.

दुसऱ्या दिवशी ताई माझ्याकडे आली. "मी इथे राहायला येतेय," ती म्हणाली. "कायमची." माझं घर दोन खोल्यांचं. ताई आणि माझी बायको एका स्वयंपाकघरात अर्धा दिवस राहिल्या की मला जेवायला बाहेर जावं लागतं. बायको म्हणाली, "या ना वन्सं, घर तुमचंच आहे," आणि ताईची पाठ वळल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तडक चपला घालून दाजींना समजवायला निघालो. बहिणीची काळजी होतीच. स्वतःची जरा जास्त होती.

समजवायची वेळच आली नाही. ताई माझ्या मागोमाग आली, तिने गादी, उशी, गरम पाण्याची पिशवी आणि रेडिओ उचलला आणि गच्चीवर जाऊन ढाबळीच्या रिकाम्या कप्प्यात अंथरूण घातलं. तो कप्पा पिल्लांचा. शर्यतीनंतर पिल्लं यायची, तोवर मोकळाच होता.

"अगं, हे काय?" दाजी म्हणाले.

"खिडकी माझी, पंखा माझा, फळ्या माझ्या पलंगाच्या," ताई म्हणाली. "मी माझ्याच घरात राहायला आलेय. तुमची शर्यत होईपर्यंत राहीन. मग हा कप्पा पिल्लांना द्या, मी भावाकडे जाईन."

कुठलाही नवरा यावर काहीतरी बोलला असता. दाजींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "एक माणूस झोपेत किती वाफ सोडतो, कल्पना आहे तुला?"

मी कपाळाला हात लावला. पण ताईने अटी ऐकून घेतल्या. आत चहा करायचा नाही, ओले केस घेऊन यायचं नाही, झोपताना तोंड झरोक्याच्या बाजूला. "आणि जमल्यास श्वास जरा बेताने," दाजी म्हणाले. पहिल्या सकाळी ते धावत आले आणि त्यांनी बिस्कीट मोडलं. कट्‌ झालं. ताई गाढ झोपली होती. पुढे काही दिवसांनी मी तिला गच्चीभर चालताना पाहिलं, कठड्याला न धरता, आणि मला बहिणीसाठी खरोखर बरं वाटलं. तेवढ्यापुरता मी दाजींवरचा रागही विसरलो.

शर्यत मोठी होती. पक्षी आदल्या दिवशी टोपल्यांतून लांब नेतात, सकाळी सोडतात आणि ते आपापल्या घरी येतात. पण नुसतं घरी येऊन भागत नाही. पक्षी ढाबळीत शिरला पाहिजे, त्याच्या पायातलं रबर काढून शर्यतीच्या घड्याळात टाकलं पाहिजे, तेव्हा त्याची वेळ लागते. दाजींची सारी भिस्त होती सासरेबुवांवर. हा निळसर नर छाती काढून चालायचा आणि मानपानात कुणीतरी कसूर केल्यासारखा सगळ्यांकडे बघायचा, म्हणून ते नाव.

कबुतराला बदल चालत नाही. ढाबळीत काडी इकडची तिकडे झाली तरी ते बाहेर बसून राहतं आणि शर्यत हातची जाते. म्हणून शर्यत जवळ आली की दाजी झाडूसुद्धा त्याच कोपऱ्यात उभा ठेवतात. अंगातला शर्टही बदलत नाहीत, पक्ष्यांना ओळख राहावी म्हणून. गावाचे कपडे धुणारा माणूस आठवडेच्या आठवडे एकाच शर्टात, आणि त्याच शर्टात लॉन्ड्रीच्या गल्ल्यावर. गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावून कपडे न्यायची. रात्री दाजी ढाबळीच्या दाराशी खुर्ची टाकून बसत. मांजरावर पाळत ठेवायला, असा आमचा समज.

शर्यतीच्या सकाळी दाजी ढाबळीच्या दारात उभे राहिले. "आज तू खाली जा," ते ताईला म्हणाले. "आज वर कुणी नको. पक्ष्याला कसलाही बदल दिसायला नको."

ताई उठली. खाली गेली, प्लायवूड ठोकलेल्या त्या खोलीत उभी राहिली आणि तिने मला फोन केला. मी गेलो तेव्हा बॅग भरून तयार होती. तिचे डोळे लाल झाले होते. मी बॅग उचलली आणि आम्ही निघालो. बायकोला काय सांगायचं याची जुळवाजुळव मी वाटेत करत होतो.

आम्ही लॉन्ड्रीपर्यंत पोचलो असू, तेवढ्यात वर गच्च्यांवर आरडाओरडा झाला. सासरेबुवा आले होते. सगळ्यांच्या आधी, आभाळात दुसरं एक पाखरू नसताना. ढाबळीवर दोन घिरट्या घातल्या, छपरावर उतरले, मान वाकडी करून आत पाहिलं आणि समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसले. दाजींनी दाण्याचा डबा वाजवला, शीळ घातली, शर्टाचं टोक धरून हलवून दाखवलं. सासरेबुवा हलेनात. पलीकडच्या गच्चीवरून तिथला कबुतरं पाळणारा रिक्षावाला ओरडला, "काहीतरी बदललंय, हवामान खातं! नीट बघा!"

"काही बदललं नाही!" दाजी ओरडले. "खिडकी तीच, पंखा तोच, फळ्या त्याच, झाडू..."

आणि ते थांबले. मला खालून दिसलं, ते पिल्लांच्या कप्प्याकडे बघत होते. गेले कित्येक दिवस सासरेबुवा सरावाहून परत आले की त्या कप्प्यात ताई बसलेली असायची. तिच्या हातावरचा शेंगदाणा खाऊन मगच ते आपल्या फळीवर जायचे.

दाजी अनवाणी धावत खाली आले. धापा टाकत आमच्या समोर उभे राहिले. "परत चल," ते म्हणाले. "तो आत येत नाहीये गं. तुझ्याशिवाय येत नाहीये."

ताईने त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "म्हणजे कबुतरासाठी येऊ मी?"

कुणीही शहाणा माणूस इथे गोड खोटं बोलला असता. मी बॅगेआडून त्यांना खुणाही करत होतो.

"हो," दाजी म्हणाले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "आणि मी तरी कुठे आत झोपतोय? तू वर गेलीस तेव्हापासून एक रात्र त्या खोलीत पाठ टेकलेली नाही. खुर्चीवरच असतो."

"ते मांजरासाठी ना?"

"मांजर गेल्या वर्षीच मेलं."

गच्च्यांवरून लोक ओरडत होते, दुसऱ्या ढाबळींचे पक्षी दिसायला लागले होते, आणि दाजी एकदाही वर बघत नव्हते. मग ताई वळली. जिना चढताना दाजींनी तिला हात दिला, आणि ती सावकाश चढली, मुद्दाम वाटावं इतकी सावकाश. कप्प्यात जाऊन बसली. सासरेबुवा टाकीवरून उडाले आणि सरळ आत येऊन तिच्यापुढे उभे राहिले. रबर घड्याळात पडेपर्यंत शर्यत कधीच संपली होती. दाजींचा नंबर खालून दुसरा. वाईट वाटलं का, असं मी विचारलं तर म्हणाले, "वाटणारच. रडू येतंय मला." आणि खरंच रडले, शर्टाने डोळे पुसत. तो शर्ट डोळ्यांना लावणं हे मोठं धाडसच होतं.

मग ते ताईबरोबर खाली बेडरूममध्ये गेले. मी मागे होतो. दाजींनी दिवा लावला, इकडेतिकडे पाहिलं आणि सहज भिंतीला बोटांची उलटी बाजू लावली. विजेचा झटका बसल्यासारखे ते मागे सरले. दुसरी भिंत चाचपली, जमीन चाचपली, छताकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला.

"अगं, इथे तर भयंकर ओल आहे!" दाजी म्हणाले. "आणि तू इथे झोपत होतीस? मला कधी सांगितलं का नाहीस?"

ताईने वळून माझ्याकडे पाहिलं. बॅग अजून माझ्याच हातात होती.