सरसाच्या भांड्याची पाळी

ज्या माणसाबद्दल लिहितोय, त्याला मी नीट ओळखत नव्हतो, हे आधीच कबूल करतो. अकरा वर्षं आम्ही पुस्तकं बांधायच्या एकाच कारखान्यात, एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसलो. पण त्याचं घर कुठे, घरी कोण, यातलं मला काही ठाऊक नाही. तो मला आवडत नव्हता, एवढं मात्र पक्कं ठाऊक आहे. लिहायची सवय नाही, तेव्हा माझं चुकतही असेल.

सगळे त्याला कोशवाले म्हणत. एकदा आमच्याकडे एक जाडजूड शब्दकोश बांधायला आला होता. त्यातली चुकीची शिवलेली एक प्रत ह्याने घरी नेली आणि त्या दिवसापासून हा विद्वान झाला. त्या प्रतीत काही फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या छापील पानांचे जुडगे, उलटे लागले होते. ह्याच्या विद्वत्तेतही असावेत.

मालक थकले. कारखाना आम्हा चौदा जणांच्या हवाली करून ते मुलीकडे राहायला गेले. आता आम्हीच मालक, आम्हीच कामगार. याला म्हणायचं काय? कोशवाल्याने दुसऱ्याच दिवशी शब्द आणला : कम्यून.

"लॅटिनमधून आलाय," तो पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसून म्हणाला. "अर्धा भाग म्हणजे एकत्र, अर्धा म्हणजे कर्तव्य, ओझं. ओझं वाटून घेणारे, ते कम्यून! युरोपातल्या जुन्या शहरांत विणकर, सुतार, व्यापारी एकमेकांना शपथेवर वचन द्यायचे. वरच्या सरदाराला नाही, एकमेकांना! आणि शहराचा कारभार स्वतः बघायचे."

"आणि सरदार गप्प बसायचे?" कटिंग मशीनवाल्याने विचारलं.

"कधी सनद लिहून द्यायचे, कधी डोकी उडवायचे."

खरं सांगतो, तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता. आम्ही हात वर करून शपथ घेतली. कामाच्या पाळ्या ठरल्या. सगळ्यांत घाण काम सरसाचं, म्हणजे पुठ्ठे चिकटवायचा डिंक शिजवायचं, भांडं घासायचं. वास नाकातून घरापर्यंत येतो. त्याचा तक्ता भिंतीवर खिळ्याला टांगला. ज्याने घासलं त्याने त्या दिवसाच्या चौकोनात आपली खूण करायची.

कोशवाल्याची पाळी आली की त्याची कंबर धरायची. "मावशी, तेवढं बघा हं," असं म्हणून तो चपला घालायचा. मावशी म्हणजे फर्म्यांच्या घड्या घालणारी आमची सगळ्यांत जुनी बाई. "ठेव बाबा तिकडे," म्हणायची, भांडं घासायची आणि चौकोनात आपली फुली काढायची. सगळ्यांना दिसत होतं.  मलाही.

मग मावशीची बोटं वाकडी झाली. शंभर घड्यांच्या जागी साठ होऊ लागल्या. कोशवाल्याने बैठक बोलावली.

"भावनेचा प्रश्न नाही, अर्थाचा आहे," तो म्हणाला. "शब्दातच सांगितलंय, ओझं सारखं उचलणारे. ज्याला झेपत नाही, तो कम्यूनमध्ये कसा?"

मावशी कागदावर घडी दाबायची हाडाची पट्टी फिरवतच राहिली. तिला घरी बसवणं म्हणजे जिन्याखालच्या खोलीत बसवणं. तिथे बोलायला फक्त भिंती.

बैठकीत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उठलो. खिळ्यावरचा तक्ता काढला, कोशवाल्यापुढे ठेवला आणि खाली बसलो.

कटिंगवाला वाकून बघू लागला. "काय हो कोशवाले, तुमच्या चौकोनांत सगळ्या मावशीच्याच फुल्या? तुमचं ओझं आहे तरी कुठे?"

सगळे हसले. इतका वेळ हसले की मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही.

"प्रतिनिधित्व नावाचीही एक गोष्ट असते," कोशवाला म्हणाला. मावशी राहणार म्हणून बारा हात वर झाले. त्याचा झाला नाही. मावशीचाही झाला नाही, तिच्या हातात घडी होती.

त्या दिवशी पाळी नेमकी त्याचीच होती. सवयीने मावशी उठली. "बसा मावशी," कटिंगवाला म्हणाला, "आज कोशवाले घासणार."

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. मोरीत भांडं तसंच पडलं होतं, सरस दगडासारखा घट्ट झालेला. मी आणि मावशीने तो खरवडून काढला. कुठल्याशा सभागृहात तो आता कम्यूनवर भाषणं देतो असं ऐकलं. चांगलीच देत असणार.

बैठकीच्या त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी डबा उचलत होतो. कोशवाला मोरीपाशी उभा होता, मेलेला उंदीर धरावा तसं भांडं दोन बोटांत धरून.

"अहो," तो म्हणाला, "ह्याला पाणी गरम लागतं की गार?"

"गरम," मी म्हणालो.

"बरं."