शेजारच्या कपबशा

बारावीच्या मार्कांवर पार्ल्याच्या एका खाजगी कॉलेजने मला पूर्ण फी माफ करणारी स्कॉलरशिप देऊ केली. फक्त त्यांच्या ट्रस्टच्या एक मॅडम घर बघायला येणार होत्या. मानखुर्दला आमची एकच खोली. पाहुणे येणार म्हटल्यावर आईने नेहमीसारखीच धावपळ केली. नवी चादर अंथरली, कांदेपोहे केले आणि शेजारच्या काकूंच्या सोनेरी काठाच्या कपबशा मागून आणल्या. मॅडमनी पोहे खाल्ले, कप निरखला आणि म्हणाल्या, "तसं बरं चाललंय की तुमचं!"

मग त्यांचा फोन आला. देणगीदारांना दाखवायला आमचा फोटो हवा होता. "या वेळी काही मांडामांड नको हं. आईंना घरातल्या जुन्या साडीत बसू दे. गरज दिसली पाहिजे."

माझं डोकंच सटकलं. मार्क माझे, ते दिसत नव्हते का यांना? आईने पाहुणचार केला, हा तिचा गुन्हा? मी तडतडत आईला सगळं सांगितलं.

मॅडम फोटोग्राफरला घेऊन आल्या, तेव्हा दार आईनेच उघडलं. अंगावर लग्नातला शालू, हातात त्याच कपबशा.

"आधी चहा घ्या," ती म्हणाली. "मग काढा फोटो."

स्कॉलरशिप गेली. मी सरकारी कॉलेजात शिकले आणि झकास शिकले. आजही कुणी काही फुकट देऊ केलं की मी आधी विचारते, आईने काय नेसायचं?