मुलीचा मामा कुठला?

माझ्या बायकोच्या आत्याला या पृथ्वीवर परका माणूस असा दिसतच नाही. जो दिसतो तो नातेवाईकच असतो, फक्त त्याची नीट चौकशी झालेली नसते. एकदा मी तिला स्कूटरवर मागे बसवून डॉक्टरकडे नेत होतो. सात रस्त्याच्या चौकात पोलिसानं अडवलं, कारण माझ्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. मी खिशात कागद चाचपतोय तोवर आत्या मागून उतरली आणि म्हणाली, "बाळा, गाव कुटलं तुझं?" बार्शी म्हटल्यावर बार्शीत कुठं, आई कुणाकडची, थोरल्या बहिणीला दिली कुठं, हे सगळं त्या भर चौकात निघालं. शेवटी तो पोलिस तिच्या जावेच्या चुलतभावाच्या मेव्हण्याच्या घरातला ठरला आणि धाकट्या बहिणीसाठी एक स्थळही पदरात घेऊन गेला. दंड मात्र त्यानं माझ्याकडून घेतलाच. नात्यात व्यवहार चोख असावा, असं आत्यानंच त्याला बजावलं होतं.

आत्या मूळची कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीची. त्यामुळे ती रागावते मराठीत आणि लाड करते कानडीत. माझ्या वाट्याला आजवर मराठीच आली. मला ती 'जावईबापू' म्हणते, आणि ते इतक्या आदरानं म्हणते की पुढं काहीतरी वाईट ऐकायला मिळणार हे मला लगेच कळतं. लग्नं जुळवणं हा तिचा धंदा नाही, व्यसन आहे. तिची पद्धतही न्यारी. ती नावाला काडीची किंमत देत नाही. "बाईचं नाव धरून बाई सापडत न्हाय," ती म्हणते. "लग्नात आडनाव जातं, सासरची हौशी असली तर नावबी जातं. माणसं धरायची. लग्नाला पाठीशी कोण हुबं होतं? नव्या गावात पहिल्यांदा उतरली कुणाकडं? तेवढं सांगा." आमच्या सोलापुरात गिरण्या धडधडत होत्या तेव्हा परगावचा माणूस पहिल्या रात्री गाववाल्याच्याच खोलीवर पथारी टाकायचा. त्यामुळे खोली सांगितली की आत्या गाव सांगायची. यात ती कधी चुकल्याचं मला तरी आठवत नाही, आणि आठवलं असतं तरी बोलायची माझी छाती नव्हती.

तर आमच्या चिरंजीवांनी अमेरिकेत, बोस्टनला, मेगन नावाची मुलगी पसंत केली आणि लग्न सोलापुरात करायचं ठरलं. मुलगी सोन्यासारखी. घरात सगळे खूश. आत्यानं व्हिडिओवर मुलगी पाहिली, अलाबला घेतली आणि विचारलं, "मामा कोण मुलीचा? अंतरपाटाशी हिच्या मागं कोण हुबं राहणार?" मामा नव्हता. वडील वारलेले, आई एकुलती एक, आईची आईसुद्धा एकुलती. "मामा न्हाय म्हंजे? पोरगी आभाळातून पडली काय?" मी म्हटलं, आत्या, कुणालाही उभं करू की. मीच राहतो. त्यावर ती म्हणाली, "जावईबापू, तुमी मुलाचे बाप. तुमी मुलाच्या बाजूनं गप बसायचं. आजपासून मी मुलीकडची." आणि खरंच, त्या दिवसापासून ती आमच्या विरोधी पक्षात गेली. मेगनचं माहेर म्हणजे आत्याचं घर असं तिनं परस्पर जाहीर करून टाकलं आणि मानपानावरून माझ्याशी भांडायला लागली.

मेगनच्या आईशी बोलताना मात्र माझी थट्टा जागच्या जागी विरली. त्या बाई म्हणाल्या, "आमच्या बाजूची एकच खुर्ची ठेवा. मी एकटीच आहे." त्यांची पणजी ब्रिजेट, आयर्लंडहून जहाजानं एकटी बोस्टनला आलेली. गेल्याच्या गेल्या शतकातली गोष्ट. तिचं गाव कुठलं, मागं कोण राहिलं, तिनं कधी तोंडातून काढलं नाही. बाईंच्या आईनं शोधलं, स्वतः बाईंनी शोधलं, पण तिथं जहाज भरभरून ब्रिजेटच उतरलेल्या. आपलं कुणीतरी कुठंतरी आहे एवढं कळलं तरी पुरे, असं त्या म्हणाल्या. मी हे आत्याला सांगितलं. तिनं हातातला लसूण सोलून संपवला. मग म्हणाली, "त्या ब्रिजेटच्या लग्नाला पाठीशी कोण होतं, ते विचार म्हणावं पोराला."

पोरानं ब्रिजेटचं लग्न लागलेल्या चर्चमध्ये जाऊन विचारलं. साक्षीला एक बाई उभी होती, आणि लग्नाआधी ब्रिजेट तिच्याच बिऱ्हाडी राहत होती. "मग ती गाववाली!" आत्या ओरडली. "तिला धरा." त्या बाईचं थडगं सापडलं. परमुलखात मेलेली ही माणसं दगडावर आपलं गाव कोरून घ्यायची. तिच्याही दगडावर होतं. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, उच्चारताना जिभेला गाठ बसेल असं एक गाव. तिथल्या पाद्र्याला मुलानं फोन केला, आणि त्यानं ब्रिजेटच्या भावाचा पणतू दाखवून दिला. नाव मायकल, सत्तरीतला, बिनलग्नाचा, गायी पाळून राहणारा. मुलानं पुढं मायकल आणि मेगनची आई या दोघांची थुंकीची डीएनए तपासणीही करून घेतली, त्यातही नातं जुळलं. आत्या एवढी दुखावली, एवढी दुखावली! "मी सांगितलेलं थुंकीला विचारून बघितलंत व्हय?"

मायकलना पहिला व्हिडिओ फोन माझ्या घरून झाला. दुभाष्या मी. माझं इंग्रजी बँकेतलं, त्यांचं गोठ्यातलं, त्यामुळे निम्मं आम्हा दोघांनाही कळत नव्हतं. आत्यानं त्यांना पहिला प्रश्न केला, "ऊटा आयता?" जेवण झालं का, असं कानडीत! इतकी वर्षं जावई असून मला जे कधी मिळालं नाही, ते या गृहस्थाला पहिल्या मिनिटाला मिळालं. मग ते सांगू लागले. नोव्हेंबरात त्यांच्याकडं घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेऊन प्रार्थना करतात. त्यांच्या घरात अजून शेवटी म्हणतात, 'आणि ब्रिजेट, जी समुद्रापलीकडं गेली.' ती कोण, कशी होती, सांगणारं कुणी उरलं नाही, पण नाव गाळायचं नाही असा रिवाज. पलीकडच्या चौकटीत मेगनची आई तोंडावर हात धरून बसली होती. आत्यानं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "म्हंजे यांच्यातबी सर्वपित्री हाय की!"

आत्यानं मायकलना तिथंच मुलीचा मामा ठरवून टाकलं. मामा यायला तयार होते, पण गायी व्यायच्या होत्या. दुसरं कुठलंही कारण आत्यानं मोडून काढलं असतं. यावर मात्र तिनं थेट गुरुजींना गाठलं. "गाय अडली तर मुहूर्त थांबतो का न्हाय?" गुरुजी शास्त्र आठवत राहिले, आणि तेवढ्यात लग्न मे महिन्यात ढकललं गेलं. मे महिन्यात सोलापूर! इथं मे महिन्यात कावळासुद्धा सावली बघून बसतो, आणि मामा स्टेशनावर उतरले ते जाड लोकरी कोट घालून. लग्नाला जायचं तर कोट हवाच, असं त्यांचं म्हणणं. आत्यानं त्यांना पंख्याखाली बसवलं, ज्वारीची कडक भाकरी, दही आणि शेंगाचटणी वाढली. चटणीनं त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण ताट त्यांनी चाटूनपुसून संपवलं. दुसऱ्या दिवशी ते गल्लीतल्या गोठ्यात जाऊन म्हशींची विचारपूस करून आले. "घराण्याचा माणूस हाय," आत्यानं निकाल दिला.

लग्नात ते डोक्याला फेटा बांधून भाचीच्या मागं ताठ उभे राहिले. मेगनच्या आईच्या बाजूला आत्यानं बसवलेली माणसं एवढी होती की आमच्याच पाहुण्यांना खुर्च्या मिळेनात. सगळं छान पार पडलं, आणि पाठवणीच्या वेळी मामा एकाएकी ढसाढसा रडायला लागले. मला वाटलं ऊन लागलं. मी जवळ गेलो तर म्हणाले, त्यांच्या गावातून मुलगी अमेरिकेला निघाली की आदल्या रात्री सगळा गाव घरी जमायचा, आणि माणूस गेल्यावर जमतात तसाच जमायचा. कारण ती परत यायची नाही, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. ब्रिजेटची आई रस्त्याच्या वळणापर्यंत गेली आणि तिथंच बसून राहिली, असं आजोबा सांगायचे. "आमच्या घरातनं गेलेली मुलगी कधी परत आली नाही," ते म्हणाले.

मी आत्याला सांगितलं. ती त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि त्यांचे दोन्ही हात धरून म्हणाली, "मामांना सांगा, जावईबापू. आपल्यात मांडवपरतणी असते. पोरगी चार दिसांत माघारी येते. आणलीच पायजे, रीतच हाय तशी." मी सांगितलं. त्यांचा काही विश्वास बसला नाही. ते चार दिवस त्यांनी जो भेटेल त्याला, आत्याकडून शिकलेले दोनच शब्द विचारले, "आली का?" दूधवाल्याला विचारलं, पेपरवाल्याला विचारलं, मला तर दिवसभर विचारलं.

चौथ्या दिवशी सकाळीच दाढी करून, तो कोट चढवून, मामा आत्याच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसले. ऊन अंगावर आलं तरी हलेनात. आत्या दोनदा ओरडली, तिसऱ्यांदा छत्री घेऊन आली आणि स्वतःच त्यांच्यावर धरून उभी राहिली. रिक्षा वळणावर दिसली तसे ते उठले. मेगन साडी सावरत उतरली, मागून आमचे चिरंजीव. आत्यानं भाकरतुकडा आणला, पण ओवाळला नाही. तो मामांच्या हातात दिला. त्यांनी तिच्यावरून जसा जमला तसा ओवाळून टाकला, तिचा चेहरा हातात धरला आणि आमच्याकडं वळून म्हणाले, "आली."

माझ्या बायकोच्या आत्यानं मेगनच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.  मग वळून माझ्यावर खेकसली, "जावईबापू, बघत काय हुबे? मामांना पाणी आणा!" मी आत गेलो, आणि माठापाशी उभा राहून आधी माझेच डोळे पुसले.