गिटारीच्या मानेला तेल

आमच्या भागात कोणत्याही वस्तूला काहीही झालं की एकच औषध सांगतात: तेलपाणी करा. शिलाई मशीन अडकलं, तेलपाणी. पंखा कुरकुरला, तेलपाणी. मोटारपंप, सायकल, दाराच्या बिजागऱ्या, म्हाताऱ्या माणसाचे गुडघे, सगळ्यांना तेच. कोणतं तेल, किती, कुठे आणि कशासाठी, हे सांगण्याची जबाबदारी हा शब्द घेत नाही. म्हणूनच तो लोकांना इतका आवडतो.

मी नांदुऱ्याला एका जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचा ओलावा मोजतो. ढिगात मीटर खुपसायचं आणि आकडा सांगायचा, एवढंच काम. शेतकरी म्हणतो कापूस खडखडीत वाळलेला आहे, व्यापारी म्हणतो पिळला तर पाणी निघेल. आकडा दोघांचंही ऐकत नाही, आणि त्यामुळे दोघांनाही मी आवडत नाही. या नोकरीने मला एक सवय लावली. कोणी अंदाजाने बोलायला लागला की माझा त्याच्यावरचा विश्वास तिथल्या तिथे उडतो.

घरातली गिटार मूळ मुलाची. त्याने ती हट्टाने घ्यायला लावली, दोन गाणी शिकला, तिसऱ्याच्या मध्यावर कंटाळला आणि इंजिनिअरिंगला पुण्याला निघून गेला. गिटार कपाटावर चढली. तिथून ती खाली काढली माझ्या बायकोने. ती हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. शाळेतून आली की चहा ठेवायचा आणि तो उकळेपर्यंत मोबाइलवरच्या व्हिडिओत बघून बोटं बसवायची, असं तिचं शिक्षण सुरू झालं. पहिल्या महिन्यात बरेच चहा उतू गेले. पुढे डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले आणि चहा नीट व्हायला लागला. मला वाजवता येत नाही, यायची शक्यताही नाही. मी फक्त गिटारीची निगा राखायला लागलो.

निगा राखायला अक्कल लागते, पण फार नाही. तारा सैल करून काढायच्या. अंगाला चकाकी असते, तिथे तेलाचा थेंब लावायचा नाही, मऊ सुती कापडाने कोरडं पुसायचं, बस. तेल लागतं ते फक्त मानेवरच्या काळपट पट्टीला, जिच्यावर बोटं ठेवतात. तिथलं लाकूड उघडं असतं. आमच्याकडे मे महिन्यात खोलीतला ओलावा पंधरा टक्क्यांवर येतो, लाकूड आक्रसतं आणि पट्टीवरच्या पितळी आडव्या पट्ट्यांची टोकं बाहेर डोकावून बोटांना ओरखडतात. म्हणून जुन्या टूथब्रशने मळ काढायचा, या कामासाठी मिळणाऱ्या पातळ तेलाचे चार-पाच थेंब फडक्यावर घ्यायचे, पट्टीवर फिरवायचे, थोडं थांबायचं आणि उरलेलं सगळं पुसून घ्यायचं. पुसून घेणं हेच खरं काम. पण तेल दिलं म्हणजे ते दिसलं पाहिजे, टपटपलं पाहिजे, असं मानणारी माणसं जगात बहुसंख्य आहेत. त्यातले एक माझे मेहुणे.

बायकोचे हे मोठे भाऊ धाड गावी असतात. शेती आहे, शिवाय मोटारपंप विकतात. जगातल्या प्रत्येक विषयावर त्यांचं मत तयार असतं आणि ते देण्यासाठी ते जीपने येतात. दसऱ्याला ते आले तेव्हा बायकोच्या डोक्यात दुसरंच चाललेलं होतं. येत्या रविवारी बुलढाण्याला शिक्षकांच्या सांस्कृतिक स्पर्धा होत्या आणि तिने वादनात नाव दिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती लोकांसमोर वाजवणार होती. स्टाफरूममध्ये यावर बरीच करमणूक झाली. "मॅडम, या वयात गितार? टाळ घ्या टाळ, पुढं कामी येईन," असं एका सरांनी सुचवलं. हे सर वर्गात पुस्तकातले प्रश्न वाचून दाखवतात आणि उत्तरंही पुस्तकातलीच वाचतात, तेव्हा त्यांना हसायचा अधिकार कोणी दिला हे मला कळलेलं नाही.

ती मला एवढंच म्हणाली होती, "बक्षीस गेलं चुलीत. एकदा माणसांसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचं आहे. मधात सोडायचं नाही."

दसऱ्याला आम्ही कामाच्या वस्तूंची पूजा करतो. शिलाई मशीन, स्कूटर, विळी, माझं जुनं मीटर, आणि बायकोच्या आग्रहाने गिटार. मी बजावून ठेवलं होतं की गिटारीला फूल आणि अक्षता पुरे, हळदीकुंकू नको. मग जिनिंगवर यंत्रांची पूजा होती म्हणून निघालो. निघताना दारातून बायकोला ओरडून म्हणालो, "तिची मान कोरडी पडली आहे. आल्यावर तेल देतो. कोणी हात लावू नका."

हे वाक्य बायकोने स्वयंपाकघरात ऐकलं. मेहुण्यांनी ओसरीवर ऐकलं. शेवटचा भाग त्यांना ऐकू आला नाही, किंवा तो आपल्यासाठी नाही असं त्यांना वाटलं.

मी परत आलो तर गिटार गच्चीच्या कठड्याला टेकवून भर उन्हात उभी. पिवळी. मान पिवळी, खांदे पिवळे, आवाजाच्या भोकाभोवती पिवळं, तारांवर पिवळे थेंब. शेजारी वाटी, वाटीत जवसाचं तेल आणि त्यात कालवलेली हळद. मेहुणे खुर्ची टाकून, हात फडक्याला पुसत, काम झाल्याच्या समाधानात बसलेले.

"हे काय केलं?" मी विचारलं.

"खांदमळणी," ते म्हणाले. "तुम्हीच म्हणत होते ना भाऊजी, मान कोरडी पडली म्हणून? मंग. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाच्या खांद्याले काय लावतो? हळद अन् तूप. तूप बाईनं देलं नाही, म्हणे सणाचं हाय. मंग गाडीतलं जवसाचं तेल घेतलं. घाणीवरचं हाय, अस्सल."

"हा बैल आहे का?"

"मान हाय, खांदे हायेत, दिवसभर वढून राह्यली बिचारी. फरक काय?"

"उन्हात काऊन ठेवली?"

"तेल मुरायले. अन् हळद उन्हात उडते, लुगड्याची नाही उडत का?"

लुगड्याची उडते, हे खरं. लुगड्याला सरसाने चिकटवलेले सांधे नसतात. मी गिटार उचलून आत नेली. हाताला ती तापलेल्या तव्यासारखी लागली. मागून आवाज आला, "भाऊजी, अजून एक हात द्यायचा होता पाठीले!"

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि तिने गिटार पाहिली. मग तिने एक तार छेडली. आवाज आला तो ओल्या दोरीवर काठी मारल्यासारखा. तिने भावाकडे पाहिलं.

"भाऊ, रविवारी माह्या स्पर्धा हायेत."

"माहीत हाय ना बाई. म्हणून तर केलं."

चांगल्या हेतूने केलेल्या मूर्खपणाला आपल्याकडे माफीच असते, वर पुरणपोळीही वाढतात. ते चार पोळ्या जेवले. जेवताना कोणत्या पंपाला कोणतं ग्रीस लागतं, ते त्यांनी मला समजावून सांगितलं.

दुपारभर मी गिटारीशी झगडलो. तारा काढल्या. जवसाचं तेल वाईट असतं ते याच कारणाने, की ते लवकर वाळत नाही, चिकट होत जातं आणि शेवटी त्याची साय धरते. अंगावरचं तेल कोरड्या कापडाने निघालं, मग पाण्यात जेमतेम ओलं करून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं केलं. हळद बऱ्यापैकी गेली, पण तारा जिथे अडकवतात त्या उघड्या लाकडात आणि मानेवरच्या पांढऱ्या ठिपक्यांत ती कायमची बसली. ठिपके आता पिवळ्या दातांसारखे दिसतात. मानेवरची पट्टी मी ब्रशने एकेक घर करून घासली. तेल द्यायची गरजच उरली नव्हती, तिने वर्षाचं तेल एका सकाळी प्यायलं होतं. मेहुणे मध्येच येऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आता पुसून टाकता तर लावलं कायले?"

मी पुढचं घर घासायला घेतलं. कोणी लावलं हेच ते विसरले होते.

जुन्या तारांच्या वेटोळ्यांत तेल शिरलं होतं, त्या फेकाव्या लागल्या. नांदुऱ्यातल्या भजनसाहित्याच्या दुकानात गिटारीच्या तारा नव्हत्या. दुकानदाराने एकतारीची तार पुढे केली आणि "तारच आहे ना" असं म्हणाला. दुसऱ्या दिवशी पॅसेंजरने अकोल्याला गेलो. तिथल्या तरुण दुकानदाराने विजेवर चालणाऱ्या गिटारीचा संच हातात ठेवला. पाकिटावरचा आकडा मी त्याला दाखवला. पहिली तार नऊ हजारांश इंचाची होती, आम्हाला बारा लागते. तो म्हणाला, "काका, तीनचा फरक कोणाला कळतो?" कळतो. बोटाला कळतो, कानाला कळतो, विकणाऱ्याला तेवढा कळत नाही. शेवटी मागच्या फळीवरून धूळ बसलेलं योग्य पाकीट निघालं. ते त्याच्याकडे आहे हे त्यालाच माहीत नव्हतं.

नव्या तारांची अडचण वेगळी. त्या ताणत राहतात, त्यांना बसायला बरेच दिवस लागतात. सूर लावावा आणि थोड्या वेळाने तो उतरलेला असावा. मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही तर असं सांगून राह्यले जसं मी आता माघार घेणार हाय." मग शनिवारभर ती तारा हाताने ओढून ओढून सूर लावत राहिली. रात्रीच्या स्वयंपाकाला सुट्टी दिली आणि मी खिचडी लावली.

स्पर्धेचं सभागृह म्हणजे एका शाळेचा पत्र्याचा हॉल. माइकवाला गिटारीच्या भोकासमोर माइक लावायच्या ऐवजी बायकोच्या तोंडासमोर लावून गेला. त्याला वाटलं, बाई आहे म्हणजे गाणार. मी उठून तो खाली केला. तिच्या आधी एका गुरुजींनी मोबाइलवर संगीत लावून गाणं म्हटलं, सूर संगीताचा आणि शब्द त्यांचे, दोघं शेवटपर्यंत भेटले नाहीत. टाळ्या कडकडून झाल्या. परीक्षक म्हणून बसवलेले तिघे चहा पीत होते. त्यातल्या एकाचा मोबाइल वाजला तर तो तिथेच बोलला, हो, पोचलो, स्पर्धा सुरू आहेत, जेवण व्हायचं आहे.

प्रत्येकाला पाच मिनिटं. चार झाल्यावर एक घंटा, पाचला दुसरी, त्यानंतर गुण कापायचे. हा नियम मला मनापासून पटला होता.

बायकोने सुरुवात चांगली केली. हॉलमधली कुजबुज थोडी कमी झाली. तिच्या शाळेचे टाळवाले सर पुढच्या रांगेत होते, त्यांनी शेजाऱ्याला कोपर मारलं, पण यावेळी हसले नाहीत. मध्यावर आल्यावर दुसरी तार उतरली. मला लगेच ऐकू आलं, तिलाही आलं. बाकी कोणालाही आलं नसतं, ती तशीच पुढे गेली असती तर तिथल्या एकाही कानाला पत्ता लागला नसता. ज्यांनी त्या गुरुजींना टाळ्या वाजवल्या, त्यांना कसला पत्ता लागणार?

ती थांबली. हात तारांवर ठेवून आवाज बंद केला, डोक्याशी असलेली खुंटी फिरवली, तार छेडली, पुन्हा फिरवली. हॉलमध्ये गडबड झाली. कोणीतरी म्हणालं, "विसरल्या मॅडम." कोणीतरी सहानुभूतीच्या टाळ्या वाजवायला लागलं, म्हणजे उतरा आता. तिने वर पाहिलंच नाही. तिसऱ्या तारेकडे वळली, तीही तपासली, आणि मग जिथे थांबली होती तिथून नाही, एकदम पहिल्यापासून सुरू केलं.

माझ्या हातात घड्याळ होतं. पहिली घंटा वाजली तेव्हा ती अजून अर्ध्यावरही नव्हती. दुसरी वाजली. घंटावाल्या शिपायाने परीक्षकांकडे पाहिलं, पुन्हा वाजवली, आणि एका परीक्षकाने कागदावर काहीतरी खोडलं. सूत्रसंचालक मंचाच्या पायरीशी येऊन "मॅडम, वेळ" असं तोंडाने दाखवत उभा राहिला. त्याच्याकडे पाहून मला त्याची कीव आली नाही. तो पायरीवर, ती खुर्चीवर, आणि ती वाजवत राहिली, शेवटच्या तुकड्यापर्यंत, शेवटच्या स्वरापर्यंत, आणि तो स्वर विझेपर्यंत तिने हात उचलला नाही.

मग ती उठली, नमस्कार केला, पायरीवरच्या माणसाला "हो झालं, आता बोला" म्हणाली आणि खाली येऊन माझ्या शेजारी बसली. बोटं लाल झाली होती.

"किती गुण कापले असतील?" तिने विचारलं.

"सगळे."

"बरं," ती म्हणाली, आणि पुढच्या स्पर्धकाचं नाव पुकारलं जाईपर्यंत पिशवीतली पाण्याची बाटली शोधत राहिली.