जावयाने आच उतरवली नाही

कारखान्यात त्याला सगळे जावई म्हणत. भट्टीचे जुने मिस्त्री निवृत्त झाले ते आपली मुलगी आणि आपली भट्टी, दोन्ही एकाच माणसाच्या गळ्यात बांधून. राहायलाही तो त्यांच्याच दोन खोल्यांत. दिवसभर सासऱ्यांची भट्टी सांभाळायची आणि संध्याकाळी सासऱ्यांना तिची खुशाली कळवायची. घरात जरा मोठी जांभई दिली तरी भिंतीपलीकडून सासूबाई विचारत, "झोप झाली नाही का?"

म्हणून त्याने दूरच्या एका कारखान्यात गुपचूप मुलाखत दिली होती. तिथले साहेब आज संध्याकाळी फोन करणार होते. घरात कुणाला पत्ता नव्हता, बायकोलाही नाही.

नेमका आजच दुपारी तापलेलं पोलाद लाटून पत्रे काढणाऱ्या रोलिंग मिलचा रूळ तुटला. मिल बंद, आणि भट्टीत पोलादाचे जाड ठोकळे, म्हणजे स्लॅब, लालबुंद होऊन अडकलेले. हे साधं पोलाद नव्हतं, त्यात नायोबियम नावाचा धातू चिमूटभर मिसळलेला होता. असा माल आत असताना मिल थांबली की आच उतरवायची, हा नियम केबिनच्या भिंतीवरच चिकटवलेला. जावयाने तो वाचलाही. हात पुढे गेला आणि कानात सासरे गरजले, "भट्टी थंड करतो तो भट्टीवाला कसला? पुन्हा तापवण्यात अख्खी शिफ्ट जाते!" सासऱ्यांच्या काळात साधंच पोलाद असायचं, तिथे हे खपून जायचं. जावयाने हात मागे घेतला. तसंही त्याचं मन संध्याकाळच्या फोनपाशी जाऊन बसलं होतं.

मिल सुरू झाली, पत्रे निघाले. चाचणीसाठी एक तुकडा गार करून त्यावर हातोडा सोडला, तर तो काचेसारखा तुटला.

शिफ्ट संपता संपता प्रयोगशाळेतल्या ताईंनी त्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. घासून चकचकीत केलेल्या, आम्लाचा हात फिरवलेल्या तुकड्यावर कणांची नक्षी दिसत होती. बहुतेक कण बारीक, आणि मधेच चार-दोन आडदांड.

"हे एवढे कसे माजले?" त्याने विचारलं.

"शेजाऱ्यांना खाऊन. पोलाद तापलं की प्रत्येक कणाची हद्द सरकायला बघते. नायोबियमचे इवलेसे ठिपके त्या हद्दींना जागोजागी धरून ठेवतात. या भिंगातून ते दिसतसुद्धा नाहीत. फार वेळ फार तापवलं की काही ठिपके विरघळतात, उरलेले जाडे होऊन विरळ होतात. मग जी हद्द आधी सुटली, ती पळत सुटते."

"सुटली बिचारी. बरंच झालं की."

"हद्दीचं बरं झालं. पत्र्याचं बघा की, कण असे माजले की तो ठिसूळ होतो!" ताई हसल्या, मग गंभीर झाल्या. "अहवाल वर पाठवावा लागेल, जावईबापू."

घरी तो चपला काढतोय तोच फोन वाजला. बोलायला आडोसा म्हणावा असा कोपरा त्या घरात नव्हताच. सासऱ्यांनी सौजन्य म्हणून टीव्हीचा आवाज बारीक केला आणि कान मोठे केले.

"नायोबियमचा माल हाताळलाय ना तुम्ही?" साहेबांनी विचारलं. "आमच्याकडे तोच असतो."

नुसतं 'हो' म्हणून भागलं असतं. पण सकाळपासून इतकं काही गिळून बसला होता की आणखी एक खोटं आत मावेना.

"हाताळलाय. आजच एक लॉट वाया घालवला. मिल थांबली होती, आच उतरवली नाही."

"का?"

सासरे त्याच्याकडेच बघत होते.

"माझी सवय," तो म्हणाला.

साहेब म्हणाले, "खरं बोललात ते बरं केलंत. पण मला ही सवय नसलेला माणूस हवाय. राहू द्या."

फोन बंद झाला.

"उतरवायची असते?" सासऱ्यांनी हळूच विचारलं.

"या मालाला उतरवायची असते, बाबा."

"मला कुणी बोललंच नाही कधी," असं पुटपुटत त्यांनी रिमोट उचलला, पण आवाज वाढवला नाही.

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. हाताला कणीक तशीच.

"कुठे निघाला होतास?"

त्याने गाव सांगितलं.

"दोघांना पुरेल अशी खोली देणार होते का तिथे?"

त्याने तोंड उघडलं. मुलाखतीत त्याने पगार विचारला होता, शिफ्ट विचारली होती, बस कुठून सुटते तेही विचारलं होतं. खोलीचं विचारलंच नव्हतं. ती आत जाऊन पोळ्या लाटायला लागली.