घळीच्या प्रत्येक तोंडाशी पाच दगड

आमच्या घरची चार माणसं एका दिवशी एका गावाला कधी गेली नव्हती. मूर्तिजापूरजवळ आमचा भाजीचा मळा. वांगी, मेथी, पालक, आणि सांबार, म्हणजे पुण्यामुंबईची कोथिंबीर. लग्न असो की मयत, दोघांनी जायचं आणि दोघांनी मळ्यात राहायचं. सख्ख्या भावाच्या लग्नाला आई एकटी गेली आणि अक्षता पडल्या तशी चपला घालून निघाली, कारण दुसऱ्या दिवशी वांग्याचा तोडा होता. "वांगं सुटी पाहत नाही," असं बाबा म्हणायचे. तोडायला उशीर झाला की वांगं जून होतं, मेथी फुलावर येते, आणि बाजारात त्या मालाला कोणी हात लावत नाही. चौघांचा एक फोटोही आमच्याकडं नव्हता. फोटो काढणारा आला की कोणी ना कोणी पाण्यावर असायचं.

या घरातला मी पहिला पदवीधर. हे मी कुठंही सांगतो, लाजत नाही. अमरावतीच्या कॉलेजात मी भूगर्भशास्त्र घेतलं. ते काय असतं हे गावात कोणाला कळलं नाही. पदवी हातात आल्यावर शेजारचे काका नारळ घेऊनच आले. "चाल बरं आमच्या वावरात, बोअर कुठी घेऊ सांग." नारळाचं काम पाणाड्याचं, माझं नाही, असं मी सांगितलं. "मंग तीन वर्षं काय शिकून राहिला होता?" असं म्हणून ते नारळ परत घेऊन गेले.

बहीण बारावीला आली आणि तिनंही तोच विषय घेणार म्हटलं. तिथून घरात कुरकुर सुरू झाली. या विषयाच्या पोरांना दगड पाहायला डोंगरात नेतात, मुक्कामी ठेवतात, हे बाबांना माझ्यामुळंच माहीत झालेलं.

"पोरीनं डोंगरात काय पाहाव?" बाबा म्हणाले.

"दगड."

"दगड आपल्या बांधावर नाही काय?"

 बहीण जेवायची थांबली. शेवटी मीच म्हटलं, एक दिवस चला, ती जागा डोळ्यानं पाहा, मग हो म्हणा की नाही म्हणा. बाबांनी तंबाखू मळून दाढेला लावली. मग म्हणाले, "दिवस बुडायच्या आत चौघंही घरच्या रस्त्याले लागले पायजे. नाही लागले तं पुन्हा हा इषय नाही." त्या दिवसाचा तोडा चुलत्यानं अंगावर घेतला. बहिणीचं पुढचं शिक्षण असं एका दिवसावर येऊन टेकलं.

मोर्शीच्या पुढं सातपुड्याच्या पायथ्याला एक चिंचोळी घळ आहे. आमचा सगळा वऱ्हाड काळ्या दगडाचा, पण तिथं वाळूचा दगड उघडा पडलाय, तांबूस, पिवळट. कॉलेजात असताना मी तिथं एकदाच गेलो होतो, तेही सरांच्या पाठीमागं. ऑटोवाल्यानं आम्हाला वरच्या वस्तीवर सोडलं आणि तो तिथंच थांबला. तिथून घळीत उतरायचं, खाली नदीपर्यंत जायचं, भाकर खायची आणि आल्या वाटेनं वर यायचं. खाली नदीला रस्ता नाही.

घळीत शिरताच दोन्हीकडच्या भिंती जवळ आल्या. आईनं भिंतीला हात लावला.

"हा वाळूचा दगड म्हन्तं तू. वाळू तं दगडाची होते, दगड वाळूचा कसा होईन?"

"होते, माय. वाळू दबून दबून दगड होते."

"अन् मंग त्याची पुन्हा वाळू?"

"हो."

"मंग पयले काय झालं?"

 पदवीत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. बाबांनी बोटानं भिंत घासली, बोटाला कण आले. "कच्चा हाय हा," ते म्हणाले. "भट्टीतून लवकर काढलेल्या इटेवानी."

उतरताना बाजूनं दुसऱ्या फटी येऊन मिळत होत्या. वर जाताना चुकू नये म्हणून, आम्ही ज्या फटीतून बाहेर आलो तिच्या तोंडाशी मी प्रत्येक वेळी तीन दगड एकावर एक रचत होतो. सरांनी तसंच केलं होतं. मी पुढं, बहीण आणि बाबा मधे, आई सगळ्यात मागं. ती सारखी मागं राहत होती. गुडघा दुखत असेल असं मला वाटलं.

नदीवर भाकर, ठेचा आणि दहीभात खाल्ला. दहीभात जरा कमीच निघाला, पण कोणी काही म्हटलं नाही. बाबा खूश दिसत होते. पाण्यात पाय सोडून बसलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. ऊन कलायला लागलं तसं ते उठले. "चाला."

पहिल्या फाट्यावर आलो आणि मी थांबलो. दोन फटी, आणि दोन्हीच्या तोंडाशी दगड रचलेले. तीन नाही, पाच. वर दहीभाताची चिमूट.

"माय, हे कोणं मांडले?"

"म्या." आई सहज म्हणाली. "कोणाच्या रानात पाय ठेवला का देव मांडा लागते. कापूस वेचाच्या आधी आपल्याकडं दहीभात ठेवून नाही मांडत काय?"

"अन् मी मांडलेले?"

"तू तीनच मांडले होते. देव पाच पायजे. म्हून दोन अजून ठेवले."

"बरं. पण दोन्हीकडं काहून?"

"एका तोंडाले मांडले अन् दुसऱ्याले नाही, हे बरं दिसते काय? त्या बाजूच्यानं काय घोडं मारलं?"

"मंग यातला मी मांडलेला कोणता, हे तरी सांग."

"मले काय माहीत? देवाले काय सही असते काय?"

बहिणीला हसू आवरेना. मला हसू येत नव्हतं. मी भिंतीवरचे तिरपे थर पाहू लागलो. थरांवरून वाट ओळखू येईल असं वाटलं. पण दोन्ही फटींत थर सारखेच तिरपे. सकाळी सावली उजवीकडं होती, आता ती कुठं असायला पाहिजे, हे डोक्यात उलटसुलट व्हायला लागलं. तरी मी एक फट निवडली आणि खात्रीनं म्हणालो, "हीच."

ती आत जाऊन अरुंद होत गेली. आडवं होऊन सरकावं लागलं. मागून बाबांचा श्वास मोठ्यानं येऊ लागला. ज्यांनी जन्मभर सपाट वावरात डोक्यावर सगळं आभाळ घेऊन काम केलं, त्यांना आता आभाळ दोरीएवढं दिसत होतं. ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. पुढंही येईनात, मागंही जाईनात.

बहीण भिंतीला घसटत त्यांच्यापाशी गेली. "बाबा, वर पाहू नका. माह्या पायाकडं पाहा. मी ठेवीन तिथं ठेवा."

"तू पयले मोकळ्यात जाय."

"तुमी आले का जाईन."

पुढं उभा, गुळगुळीत कडा निघाला. वाट संपली. त्या फटीतून आम्ही कधी आलोच नव्हतो. मागं येऊन दुसरी फट धरली, तर पुढच्या फाट्यावर पुन्हा दोन्हीकडं पाच-पाच दगड; तिथंच बसलो. बाबांनी वर बघून ऊन पाहिलं आणि चपलेतली वाळू झटकली. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हा बहीण म्हणाली, "दादा, तोंडाशी मायचे पाय दोन्हीकडं असतीन. पण जरासं आत गेलं का चौघांचे पाय एकाच बाजूनं असतीन. मी आत जाऊन पाहून येतो."

इतकी साधी गोष्ट. सगळी घळ वाळूनं भरलेली, आणि मी भिंती वाचत बसलो होतो.

"मी जातो," मी म्हटलं.

"तू बस. तुले पुन्हा थरच दिसतीन."

बाबा म्हणाले, "एकटी नको जाऊ."

"बाबा, मी हो देत जाईन. आवाज आला का समजा मी हाय."

ती आत शिरली. तिचा 'हो' आला, भिंतींवर आपटून दोन-तीनदा आला, आणि नेमका कोणत्या बाजूनं आला ते कळेना. बाबा उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. आई डोळे मिटून पाच दगडांपुढं बसली. मग बहीण बाहेर आली. "हीच हाय. बाबाच्या चपलेचा ठसा हाय आत."

पुढच्या प्रत्येक फाट्यावर हेच झालं. दोन्हीकडं आईचे देव, मधे उभे बाबा, आणि आत एकटी गेलेली बहीण. दरवेळी तिचा आवाज यायचा, मग यायचा नाही, आणि मग ती स्वतः यायची. वर पोचलो तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यावर होतं. ऑटोवाला वैतागून बिडी ओढत होता. दिवस बुडण्याआधी चौघंही घरच्या रस्त्याला लागलो, पण थोडक्यात.

एसटीत मला वाटलं, गेलं सगळं. ज्याला रस्ता माहीत त्यानं चुकवलं, बाबा अडकले, आई घाबरली. यापेक्षा वाईट नमुना मी बाबांना दाखवू शकलो नसतो. बहीण खिडकीला डोकं टेकवून झोपली होती.

अमरावती जवळ आल्यावर बाबा आईला म्हणाले, "जाऊ दे तिले. घेऊ दे तो इषय."

आई चकित झाली. "आता काहून? इतकं सारं झाल्यावर?"

"दर खेपेले परत आली न ते," बाबा म्हणाले आणि पुढच्या सीटच्या दांडीवर डोकं ठेवून त्यांनीही डोळे मिटले.

मी बराच वेळ त्याचा हिशेब लावत राहिलो. मी हिंडून सुखरूप घरी यायचो तेव्हा हे त्यांना सुचलं नव्हतं. मी हरवलो म्हणून तिला परवानगी मिळाली की तिला वाट सापडली म्हणून, की अंधाऱ्या फटीत तिच्या पायाकडं पाहत चालताना त्यांनी काही ठरवलं, मला ठाऊक नाही. बाबांनाही नीट सांगता येणार नाही असं वाटतं. आईचं मत वेगळंच आहे. तिच्या मते देव दोन्हीकडं मांडले होते म्हणून निभावलं.

पुढच्या वर्षी बहिणीनं अमरावतीत प्रवेश घेतला. सगळ्या सहलींना गेली, मुक्कामीसुद्धा. गेल्या वर्षी ती भूगर्भशास्त्राची पदवीधर झाली. आमच्या घरात आता दोन पदवीधर आहेत, आणि तिचे गुण माझ्यापेक्षा जास्त आहेत.